दोन सेकंदांत देशाबाहेर

विमानतळाचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर माझी अब्रू आज मीच काढतो. नाहीतरी आमचा विल्सन हे कुणाला ना कुणाला सांगतोच, आणि सांगताना पदरचं बरंच घालतो. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी. ऐकून झाल्यावर मला मूर्ख म्हणायची सगळ्यांना मोकळीक!

तर मंडळी, मी एकदा चुकून ओमान सोडून गेलो होतो. खिशात पासपोर्ट नाही, तिकीट नाही, कुठे जायचंय त्याचा पत्ता नाही. आणि लागले किती? दोन सेकंद!

तेव्हा मी मस्कतमध्ये लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होतो. राहायला वादी कबीरला, एका खोलीत. बायको शुभदा आणि मुलगी मुक्ता राजापूरजवळच्या आमच्या गावी, आई-बाबांसोबत. दोन वर्षांतून एकदा मी घरी जायचो. बाकी सगळा संसार फोनवर.

त्या वर्षी मात्र दोघी सुट्टीत मस्कतला आल्या. मुक्ता साडेपाच वर्षांची. आली आणि दोन दिवस आईच्या मागे लपून बसली. शुभदाला हळूच विचारते कशी, "आई, हे फोनमधले बाबा आहेत का?"

हसू नका. मी पण हसलो होतो तेव्हा. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या पाठीवर चढली आणि मग उतरेचना! मी कामावरून आलो की दारात उभी. मत्र्याच्या समुद्रकाठी आम्ही रोज चक्कर मारायचो, आणि रोज तिचा एकच प्रश्न, "बाबा, तू पण चल ना आमच्याबरोबर गावाला."

"नाही गं बाळा, अर्बाब रजा देत नाहीत." अर्बाब म्हणजे आमचे मालक.

असे पन्नास दिवस गेले. कसे गेले ते मला विचारू नका.

आता त्या कार्डाचं सांगतो. तेव्हा मस्कतला जुनंच विमानतळ होतं, आणि तिथे ई-गेट नवीन आलं होतं. आपल्या रेसिडेंट कार्डावर बोटांच्या ठशांची नोंदणी करायची, की काउंटरची रांग नाही, शिक्का नाही. मशिनला कार्ड दाखवा, अंगठा टेकवा, दार उघडतं. दोन वर्षांतून एकदा देश सोडणाऱ्या माणसाला हे कशाला हवं? पण नोंदणी करणारा माणूस म्हणाला, "ये भरोसे के लोगों के लिए है." झालं! मस्कत सरकारचा माझ्यावर भरवसा! ग्रीस खाऊन खाऊन माझे ठसे पुसट झालेले, चार वेळा बोटं धुवायला लावली त्याने, पण नोंदणी करूनच उठलो.

घरी येऊन शुभदाला कार्ड दाखवलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं. "यावर रेशन मिळतं का?"

"अगं, दोन सेकंदांत देशाबाहेर!"

"बघा हं," ती म्हणाली. एवढंच.

मग तो शुक्रवार आला. दुपारी अडीचचं विमान. कंपनीच्या पिकअपमधून दोघींना घेऊन निघालो. मुक्ता वाटेतच झोपली, उतरल्यावर मी खांद्यावर घेतली तरी उठली नाही. सामान दिलं, पास घेतले, आणि आत सोडणाऱ्या माणसाच्या मी हातापाया पडलो. बच्ची सोई है साहब, सिर्फ काउंटर तक. त्याला दया आली. "बच्ची को दे के तुरंत वापस आना," म्हणाला.

तुरंत वापस! लक्षात ठेवा, सांगितलं होतं त्याने. त्याची काही चूक नाही.

काउंटरपाशी मी मुक्ताला शुभदाच्या खांद्यावर दिलं. ठप्प, ठप्प, दोन शिक्के पडले. दोघी पलीकडे गेल्या. शुभदाने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर रडली असती, हे मला माहीत होतं. आणि मी? मी परत फिरायच्या ऐवजी तिथेच उभा! हातात काहीतरी टोचतंय म्हणून पाहिलं, तर मुक्ताची गुलाबी चप्पल. एकच.

"शुभदा! अगं, चप्पल!"

तिला ऐकू गेलं नाही. मुक्ताला गेलं. ती जागी झाली, आईच्या खांद्यावरून तिने मला पाहिलं, दोन्ही हात पुढे केले आणि अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असं ओरडली, "बाबाऽऽ! ये नाऽऽ!"

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? चप्पल काउंटरवरच्या साहेबाकडे द्यावी, तो पोचवेल. एवढी अक्कल मला आहे. रोज असते. त्या दिवशी नव्हती.

शेजारीच ई-गेट होतं. रिकामं. हिरवा दिवा लागलेला. मी खिशातून कार्ड काढलं, अंगठा टेकवला, आणि टिंग! चार वेळा धुवूनही न उमटणारा अंगठा त्या दिवशी पहिल्या फटक्यात लागला. काच बाजूला सरकली. आयुष्य लिफ्टच्या दारांत गेलेला माणूस मी, पण इतकं मऊ उघडणारं दार कधी पाहिलं नव्हतं. मी आत गेलो. म्हणजे बाहेर गेलो. म्हणजे देशाच्याच बाहेर!

मुक्ता खदाखदा हसायला लागली. शुभदा माझ्याकडे भूत पाहिल्यासारखं पाहत राहिली. "अहो! तुम्ही इकडे कसे?"

"कार्ड!" मी ऐटीत म्हणालो आणि वाकून मुक्ताच्या पायात चप्पल घातली.

"आणि आता परत कसे जाणार?"

मी मागे वळलो. गेटला या बाजूने ना कार्डाची जागा, ना अंगठ्याची. गुळगुळीत काच! एक सफाईवाला दिसला. "भाई, बाहर कैसे जाने का?"

"कौनसा फ्लाइट है?"

"फ्लाइट नहीं रे. बाहर. पार्किंग में."

त्याने मला नीट न्याहाळलं. "यहाँ से बाहर सिर्फ प्लेन जाता है," म्हणाला, आणि पुसायला लागला.

शेवटी ड्यूटीवरच्या ओमानी अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. उंच, धिप्पाड, हिंदी आपल्यासारखंच बोलणारा.

"पासपोर्ट?"

"घर में, साहब."

"टिकट?"

"नहीं है."

"किधर जाता है?"

"वादी कबीर."

"वादी कबीर जाने को तुमने ओमान छोड़ा?"

त्याने माझं कार्ड मशिनमध्ये घातलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "देखो. तुम इधर नहीं है. तुम बाहर गया. सरकार ने भरोसा किया तुम्हारे ऊपर, और तुम चप्पल ले के भाग गया!"

पासपोर्ट मागव, त्याशिवाय तू कोण हेच मला माहीत नाही, असं त्याने बजावलं. मी विल्सनला फोन लावला. विल्सन वसईचा, आमच्याच कंपनीत स्टोअरकीपर, आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा. माझ्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडे असायची.

"विल्सन, कपाटाच्या वरच्या खणातला माझा पासपोर्ट घे आणि एअरपोर्टला ये. यल्ला, लवकर!"

"पासपोर्ट? कुठे निघालास तू?"

"निघालो नाही रे. गेलोय. म्हणजे इथेच आहे, पण गेलोय!"

"दिल्या, बरा आहेस ना? रडतोयस का?"

"सगळं खलास झालंय, तू आधी ये!" आणि घाईत माझ्याकडून फोन कट झाला.

आता तुम्हीच सांगा, बायको-मुलगी परत निघालेल्या, माणूस विमानतळावर, पासपोर्ट मागतोय, आणि खलास म्हणतोय. विल्सनने काय समजावं? तो समजला, की दिलीपला विरह सोसला नाही, तो नोकरी टाकून बायकोबरोबर पळून चाललाय! आणि मित्र म्हणून त्याने माझं भलं करायचं ठरवलं. थेट अर्बाबना फोन!

दहाव्या मिनिटाला अर्बाबचा मला फोन. अधिकारी म्हणाला, "स्पीकर पे डालो." टाकला.

"दिलीप! तुम भाग गया?"

"नहीं अर्बाब, वो चप्पल..."

"औरत के साथ जाना था तो छुट्टी मांगने का! ऐसा चोर का माफिक क्यों जाता है? तुमने छुट्टी मांगा? एक बार भी मांगा मेरे से?"

मंडळी, त्या क्षणी विमानतळावरची सगळी विमानं बंद पडली असावीत. इतकी शांतता! अधिकारी माझ्याकडे पाहतोय, त्याचा जोडीदार पाहतोय. आणि शुभदा.

"नहीं, अर्बाब," मी म्हणालो.

खरं तेच होतं. जूनमध्ये सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती. मी तेव्हा नजरेसमोर नसलो तर दुसऱ्याला मिळेल, ही भीती. म्हणून मागितलीच नाही. आणि घरी सांगितलं, देत नाहीत.

"मागितलीच नव्हती?" शुभदाचा आवाज अगदी हळू.

"मागणार होतो गं..."

"पन्नास दिवस मी त्या माणसाला शिव्या घालतेय. मुक्ताला सांगितलं, बाबांचा मालक राक्षस आहे म्हणून!"

फोनमधून अर्बाब, "मॅडम क्या बोलती है?"

"सलाम बोलती है, अर्बाब."

अधिकाऱ्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. आणि तेवढ्यात अर्बाब काय म्हणाले असतील? "जाओ. पंद्रह दिन जाओ. अभी जाओ. इन्शाल्ला वापस आना."

मी अधिकाऱ्याकडे पाहिलं. तोही विचारात पडला. "सिस्टम में तो तुम गया ही है," तो म्हणाला. "पासपोर्ट आएगा, टिकट मिलेगा, तो जाओ." त्याने कुठेतरी फोन केला. विमानात जागा होत्या!

पुढची चाळीस मिनिटं कशी सांगू तुम्हाला? आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. मुक्ता मध्ये. खिडकी तिची, मधली जागा आईची, कडेची माझी, असं तिने वाटूनही टाकलं. गावी गेल्यावर मला काय काय दाखवायचं याची तिची यादी सुरू झाली. मांजराची पिल्लं, पडवीतला झोपाळा, शाळेचं नवं दप्तर. पहिलीचा पहिला दिवस! मी तिला शाळेत सोडणार होतो. तिचं बोट धरून. गेली दोन वर्षं मी या असल्या गोष्टी फोनवर नुसत्या ऐकत आलो होतो.

शुभदाने डबा उघडला, पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळली आणि पहिली गुंडाळी माझ्या हातात दिली. रागातच दिली. तशी पोळी मी परत कधी खाल्ली नाही.

विल्सन आला. अधिकारी स्वतः बाहेर जाऊन त्याच्याकडून पासपोर्ट घेऊन आला, उघडला, आणि त्याचा चेहरा पडला. पासपोर्टाचा कोपरा कापलेला होता.

"ये तो पुराना है. रद्द. नया किधर है?"

नया? मी आठवून पाहिलं. नवा पासपोर्ट मी शेवटचा कधी वापरला? दहा दिवसांपूर्वी. कुठे? इथेच. या दिव्य कार्डाची नोंदणी करायला! आणि नंतर ठेवला...

गाडीच्या पुढच्या खणात.

पार्किंगमध्ये, मंडळी! तिथून चार मिनिटांच्या वाटेवर! एक तासभर तो तिथे उन्हात तापत पडला होता, आणि विल्सन वादी कबीरहून गाडी मारत रद्दी घेऊन आला होता!

मी किल्ली अधिकाऱ्याच्या हातात कोंबली. पण त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. मुंबईच्या विमानाची शेवटची हाक सुरू झाली होती. तिकीट काउंटर बंद.

शुभदाने कपाळावर हात मारला आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. मग हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही. "वेंधळे आहात हो," ती म्हणाली आणि माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"बाबा, तू पुढच्या विमानाने ये हं," मुक्ताने बजावलं. वाकायला लावून माझ्या गालाला गाल लावला आणि चपला फटफटवत गेली. या वेळी शुभदाने मागे वळून पाहिलं. तीन वेळा.

पुढच्या विमानाने कसा जाणार? माझं देशाबाहेर जाणं रद्द करायचं म्हणजे कागद वरपर्यंत जाणार. तोवर मला देश सोडायला बंदी! तीन आठवडे! शाळा केव्हाच सुरू झाली. सुपरवायझरची जागाही दुसऱ्याला मिळाली, ते वेगळंच. रजा मिळाली ती गणपतीत. मुक्ता तोवर मला शाळेत यायची गरज नाही म्हणाली, तिची ती जायला शिकली होती.

पण त्या दिवशीचं राहिलंच. दोघी गेल्यावर अधिकाऱ्याने मला टेबलाशी बसवलं, पाणी दिलं, आणि एक अरबी फॉर्म भरायला घेतला. बाहेर का गेला, परत का आला, त्याचं कारण लिहायचं होतं. बराच वेळ पेन तोंडात धरून बसला. मग एक ओळ लिहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"साइन करो."

"साहब, लिखा क्या है?"

त्याने उजवीकडून डावीकडे बोट फिरवत, अगदी सरकारी आवाजात, मला ते हिंदीत वाचून दाखवलं.

"बीवी को छोड़ने आया था. छोड़ नहीं सका."

मी खाली सही केली.