भागीरथाबाईंच्या हाताखाली

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. देवराव गुरुजींनी मला भागीरथाबाईंच्या हाताखाली दिलं, तेव्हा मला भयंकर राग आला होता.

मी अचलपूरची. घरी काळी कसदार जमीन, संत्र्याची बाग, गडीमाणसं. शिक्षिका व्हायचं म्हणून अमरावतीला बुनियादी शाळांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. अठ्ठावन्न सालच्या डिसेंबरात आम्हा शिकाऊ शिक्षकांना तीन-तीन महिने खेड्यातल्या शाळांवर मळाकामाच्या सरावाला धाडलं. मुलांना मळ्यातून शिकवायचं, वाफे मोजता मोजता गणित, बी पेरता पेरता निसर्गपाठ, अशी ती कल्पना. माझ्या वाट्याला नांदगाव खंडेश्वरच्या पुढचं एक गाव आलं. एस.टी.तून उतरून ट्रंक घेऊन शाळेत पोचले, तर मुख्याध्यापक देवराव गुरुजींनी मागच्या मळ्याकडे बोट दाखवलं.

"इंदूबाई, खरं सांगू का, मळ्यातलं मले काही समजत नाही. भागीरथा सांगन तसं करा."

भागीरथाबाई म्हणजे शाळेची झाडझूड करायला ठेवलेली बाई. चाळिशीच्या, उंच, काटक, लुगड्याचा काचा मारलेल्या. अक्षराशी ओळख नाही. परतवाड्याकडच्या संत्रा बागांत वीस वर्षं मजुरी केलेली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. छप्पन साली वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन त्या बौद्ध होऊन आल्या होत्या. शाळेमागच्या पडीक जागेत हा मळा त्यांनी आपल्या हौसेनं उभा केला होता. आणि मी, मॅट्रिक झालेली, देशमुखांच्या घरची, त्यांच्याकडून शिकणार! मी त्यांना "ए भागीरथा" म्हणून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं, "या बाई" म्हणाल्या आणि पुन्हा खुरपायला लागल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खताच्या खड्ड्यापाशी नेलं. पालापाचोळा, शेण, राख, माती, असे थरावर थर.

"हात घाला."

"कुठे?"

"खड्ड्यात. कोपरापर्यंत."

माझ्या वहीत खताच्या उष्णतेचं कोष्टक होतं. ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असन बापा. पन पोट्ट्यायले ते कसं समजन? त्यायले हातानं समजते."

मग मुलं पुढे आली. एकेकानं हात खुपसायचा आणि बाकीच्यांनी अंक मोजायचे. पाचाच्या आत हात बाहेर आला तर खत छान शिजतंय. दहाच्या पुढे गेला तर खड्डा थंड, त्याला शेणपाणी पाहिजे. पहिलीची मुलं त्या खड्ड्यावर मोजायला शिकली होती. मी नाक मुरडत बांगड्या वर सारल्या आणि हात घातला. सहावर ओरडून बाहेर काढला. मुलं हसली, भागीरथाबाईही हसल्या. मला आठवडाभर त्या हसण्याचा राग होता.

पण राग टिकवायला त्या जागा देत नसत. तानू नावाची एक सात वर्षांची मुलगी होती. तिला धीर नव्हता. गाजर किती मोठं झालं ते पाहायला रोज उपटायची आणि पुन्हा खोचून ठेवायची. गाजरं माना टाकायची. मी तिला दोनदा कान धरून उभं केलं. भागीरथाबाईंनी काय करावं? कोपऱ्यात एक हातभर वाफा तिला तोडून दिला.

"हा तुया उपटाचा वाफा. इथं किती बी उपट. बाकीच्यायले हात नाही लावाचा."

पंधरा दिवसांत तानूनं स्वतःच उपटणं सोडलं. आपलीच गाजरं मरतात हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. बालमनावर दोन जाड पुस्तकं वाचून मी तिथं आले होते, आणि त्यांत हा वाफा कुठेच नव्हता.

ही तानू खुशालरावांची नात. खुशालराव शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले मोठे शेतकरी, शाळेला लागूनच त्यांचं घर आणि गोठा. मळ्यातली भाजी सगळी मुलं घरी न्यायची. तानू मात्र आपला वाटा तिथंच बसून कच्चा खायची. "भागीरथेच्या हातचं आमच्या घरी चालत नाही," हे ती इतक्या सहज सांगायची की ऐकणाऱ्यालाच खाली पाहावं लागे. मी तरी खाली का पाहावं? मीही माझा तांब्या वेगळाच ठेवत होते. भागीरथाबाईंनी एकदा घरी चहाला बोलावलं तर "मी चहा घेत नाही" म्हणून मोकळी झाले. चहावाचून माझं डोकं दुखायचं, ती गोष्ट वेगळी.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, खुशालरावांचा चांद्या मेला. म्हातारा बैल, कपाळावर पांढरा चांद. चौदा वर्षं त्यांच्या दावणीला होता. आणि मेल्यावर तो जागचा हलेना. पूर्वी मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम भागीरथाबाईंच्या वस्तीकडे असायचं. छप्पननंतर वस्तीनं ते काम कायमचं सोडलं होतं. खुशालरावांच्या भाऊबंदांपैकी कुणी मेल्या जनावराला हात लावला तर पंगतीत बसवणार नाहीत. आजूबाजूच्या गावांत निरोप गेले, कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी वास सुटला. मुलं नाकाला रुमाल बांधून पाढे म्हणू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव शाळेत आले आणि गुरुजींना म्हणाले, "भागीरथेले सांगा, वस्तीतले चार मानसं आनून दुपारपर्यंत बैल हालवाले. नाही तं उद्यापासून तिनं शाळेत पाय ठेवाचा नाही. मंग मळा गेला तरी चालन."

देवराव गुरुजी भले गृहस्थ, पण अध्यक्षांसमोर त्यांचा आवाज निघत नसे. ते मला म्हणाले, "इंदूबाई, तुमीच सांगा तिले. बाईचं बाईले जमते."

आणि मी गेले. आजही त्या निरोपाची मला लाज वाटते. दीड महिना जिच्याकडून रोज नवं शिकत होते तिच्यासमोर उभी राहून मी तो निरोप शब्दन् शब्द सांगितला. वर आपल्या पदरचं जोडलं, "एकदा करून टाका ना. एवढा मळा जाईल."

त्या वांग्यांना पाणी देत होत्या. पाण्याचा पाट वळवून त्यांनी कुदळ खाली ठेवली.

"बाई, माह्या बापाच्या खांद्यावर दोराचा वळ होता. मरेपर्यंत गेला नाही. तो वळ पाहून मी नागपूरले गेली. आता तुमीच सांगा, मळ्यासाठी तो वळ पुन्हा आनू का?"

उरलेल्या वांग्यांना पाणी पाजून झाल्यावरच त्यांनी हात धुतले आणि सरळ खुशालरावांच्या अंगणात गेल्या. मागे मी, माझ्या मागे सगळी शाळा. गोठ्यासमोर लोक जमलेच होते.

"खुशालराव," भागीरथाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, वाफा कसा धरायचा ते सांगताना असायचा तसाच होता. "पोळ्याले याले कोन धुते? तुमी. शिंगं कोन रंगवते? तुमी. याच्या पाया कोन पडते? तुमी. जितेपनी बैल तुमचा, मंग मेल्यावर आमचा काहून होते?"

मग त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं.

"दोराले मी हात लावनार नाही. वस्तीतलं कोनी लावनार नाही. पन तुमी ओढत आनसान तं खड्डा मी खनतो. शाळेच्या कुंपनापाशी, हिरीपासून लांब. चुना टाकू, राख टाकू, माती देऊ. तुमच्या चांद्याले कुत्रे-गिधाडं खानार नाहीत. एवढं माह्याच्यानं होते."

एवढं बोलून त्या वळल्या आणि कुदळ घेऊन कुंपणापाशी खणायला लागल्या. त्यांना वाटलं असेल का, की आता मळा गेलाच? मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "वाटलं ना. मनून तं वांग्याले आधी पानी पाजलं."

मुलं टोपल्या घेऊन माती उपसू लागली. मी पदर खोचला आणि दुसरी कुदळ घेतली. मध्येच मागं पाहिलं तर खुशालराव गोठ्यात चांद्यापाशी बसले होते. त्याच्या कपाळावर हात होता, आणि ते रडत होते. मग त्यांनी दोर मागितला. त्यांचा मुलगा म्हणाला, "आबा, भाऊबंद काय मनतीन?" खुशालरावांनी दोर स्वतः बांधला, खांद्यावर घेतला. मुलगा नाइलाजानं लागला. त्यांच्यानं बैल हलेना, तेव्हा देवराव गुरुजी टोपी काढून पुढे झाले, आणि चौथी मी. चौघांनी ओढून चांद्याला शाळेच्या कुंपणापाशी आणलं. माझ्या तळहातांची साल निघाली. अचलपूरला वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी दोन महिने पत्र टाकलं नाही.

खड्डा भरताना भागीरथाबाईंनी मुलांना जवळ घेतलं. "चौदा वर्षं यानं या जमिनीतला चारा खाल्ला. आता जमीन त्याले घेऊन राहिली. वर्षभर इथं काही लावाचं नाही. मंग पाहू." तानूनं चांद्याच्या गळ्यातलं घुंगरू खड्ड्यात टाकलं. तो निसर्गपाठ माझ्या कोणत्याही टाचणात बसला नसता.

खुशालरावांनी नोकरीबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. मीही त्या दिवसापासून "भागीरथाबाई" आणि "तुम्ही" म्हणायला लागले. परत निघताना त्यांच्या घरी जाऊन चहा मागून घेतला. त्यांनी एवढंच विचारलं, "अव बापा, तुमी तं घेत नव्हत्या?" मी लाजेनं लालेलाल झाले.

पुढे मला बाळापूरला नोकरी लागली. तिथल्या शाळेत मी मळा केला आणि मुलांचे हात खड्ड्यात घालून मोजायला शिकवलं. हाताखाली शिकाऊ शिक्षक येऊ लागले तेव्हा प्रत्येकाला एक उपटायचा वाफा दाखवला. साठ साली वडिलांच्या बागेतून संत्र्याचं एक कलम मागून घेतलं (वडील तोवर निवळले होते) आणि भागीरथाबाईंना नेऊन दिलं. त्यांनी ते चांद्याच्या जागेवर लावलं.

पासष्ट सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडेच मुक्कामाला गेले होते. दुपार कलली तशा आम्ही मळ्यात गेलो. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, आणि पहिल्यांदाच फळाला आलेलं, लिंबाएवढी हिरवी फळं. तेवढ्यात खुशालराव आले. थकलेले, हातात हळद-लोण्याची वाटी. त्या दिवशी घरोघर बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात. घरचे बैल आटोपून ते इथं आले होते. खाली बसून त्यांनी झाडाचं खोड चोळलं आणि पुटपुटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलांना पोळ्याच्या जेवणाचं देतात तेच आवतण. भागीरथाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "दरसाल येते."

उठताना खुशालराव थांबले. जमिनीकडे पाहत म्हणाले, "भागीरथाबाई, तुमी बी उद्या जेवाले या."

मला वाटलं, या आता पदर डोळ्याला लावतील. कसलं काय!

"खुशालराव, बैलाच्या आवतनात मले नका बसवू. मले मानसावानी घरी येऊन सांगा."

खुशालराव वाटी घेऊन निघून गेले. मी भागीरथाबाईंवर चिडले. माणूस साडेसहा वर्षांनी एवढं बोलला, ते तरी घ्यायचं! त्या म्हणाल्या, "तानूच्या वाफ्यासारखं आहे बाई. घाई करून उपटलं तं पुन्हा रुजत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चुलीपाशी बसलो होतो. दार अंधारलं म्हणून पाहिलं तर उंबऱ्याबाहेर खुशालराव. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं. सगळी वस्ती आपापल्या दारात येऊन पाहत होती.

"भागीरथाबाई, आज आमच्या घरी जेवाले या. आवतन द्याले आलो."

"पूजेले नाही येनार. जेवाले येतो," भागीरथाबाई म्हणाल्या. "पन आधी तुमी आत या. चहा ठेवतो."

खुशालरावांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी चहा..." म्हणून ते अडखळले. पुढचे दोन शब्द मला पाठ होते. मी माझी कपबशी उचलली, सरकले आणि चटईवर त्यांच्यासाठी जागा केली.

खुशालराव जोडे काढून आत आले. चटईवर मांडी घालून बसले. भागीरथाबाईंनी डब्यातून साखर काढायला हात घातला तसे म्हणाले, "साखर जरा कमी टाका."