खोक्यातली गादी

चर्चच्या वृद्धाश्रमात अकरा वर्षं आयाचं काम करणाऱ्या मावशीला घाणीची किळस कधी वाटली नाही. ओल्या चादरी, थुंकीची भांडी, वाहत्या जखमा, सगळं तिनं नाक न मुरडता उपसलं. तिला शिसारी आली ती स्वच्छ माणसांची.

चार नंबरच्या खोलीत शिलाईवाल्या आजी होत्या. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि आता कमरेखाली शरीर निकामी झालेलं. सतत पडून राहून पाठीच्या खालच्या बाजूला झालेली जखम आधी बटणाएवढी होती, महिन्याभरात तळहाताएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, "हवेची गादी लावा, नाहीतर हाडापर्यंत जाईल."

गादी होती! एका फरशीवाल्या व्यापाऱ्यानं दिलेली, कोठीत कुलपात, खोक्यासकट. पण कमिटीचं ठरलेलं, देणगीदारानं समारंभातच ती हाती द्यायची. समारंभ आश्रमाच्या नव्या पाटीच्या अनावरणाला. आणि पाटीवर कोणता शब्द लिहायचा ते काही केल्या ठरेना.

पाळकसाहेबांना 'अगापे' हवा होता. "कुणाची लायकी न बघता देवानं ओतलेली प्रीती." चिटणीस, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, 'कारितास'वर अडून बसलेले. "तीच प्रीती, पण माणसाच्या हाताला कामाला लावणारी." एक ग्रीक, एक लॅटिन. चहा नेताना मावशीच्या कानावर पडायचं. पहिल्या दिवशी तिला दोन्ही पटले, छानच वाटले. तिसऱ्या रविवारीही तोच काथ्याकूट ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात!

"साहेब, गादीची किल्ली द्या. आजींची जखम वाढतेय."

"मावशी, जरा धीर धरा," चिटणीस म्हणाले. "एकदा शब्द ठरू दे, मग सगळं रीतसर होईल."

ती परत गेली. पट्टी सोडली तर आत पांढरं हाड दिसलं. आजी दात आवळून म्हणाल्या, "काय गं, उसवलं का सगळं?" मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आजींना कुशीवर केलं, खालची पुवानं भिजलेली चादर गुंडाळली आणि तशीच नेऊन कमिटीच्या टेबलावर कपबशांच्या मधोमध ठेवली.

"हा घ्या तिसरा शब्द."

पाळकसाहेबांनी हातरुमाल नाकाला लावला. चिटणीस खुर्चीसकट मागे सरकले, खिशातून किल्ली काढली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवून दिली. तासाभरात गादी फुगली, पंप घुर्र करू लागला, आणि आजी कित्येक दिवसांनी भरदुपारी गाढ झोपल्या.

समारंभाच्या सकाळी दोघे साहेब दारात. कडक इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर घाई. देणगीदार अर्ध्या तासात येणार होते आणि खोकं रिकामं दिसून चालणार नव्हतं.

"आजींना दहा मिनिटं खाली घ्या," चिटणीस म्हणाले. "गादी पुन्हा घडी घालून खोक्यात ठेवू. फोटो झाला की परत लावा."

मावशीला खरोखर उमासा आला. "उचला की मग. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. जखमेला धक्का लावू नका."

दोघांपैकी कुणी उंबरा ओलांडला नाही. पाळकसाहेब आपल्या कॉलरशी चाळा करत राहिले.

"मावशी, हे तुमचं काम आहे," चिटणीस म्हणाले.

"हो ना. म्हणून तर सांगते, नाही उचलणार."

"नोकरी जाईल, लक्षात ठेवा."

"जाऊ दे. काढून टाकाल तोवर मी इथंच आहे. आजींना हात लावायचा तर तुम्ही लावा."

घरात कमावणारी ती एकटीच, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती खाटेच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. दोघं एकमेकांकडे बघत निघून गेले.

मग खिडकीतून सगळं दिसलं. पाटीवर दोन्ही शब्द एकाखाली एक. भांडण असं मिटवलं होतं. खोक्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबून चिकटपट्टी मारली होती. फरशीवाल्यानं ते दोन्ही हातांनी पुढे केलं, पाळकसाहेबांनी भरल्या डोळ्यांनी घेतलं. फोटो निघाले.

टाळ्यांनी आजी जाग्या झाल्या. "कशाला गं टाळ्या?"

"खोक्याला," मावशी म्हणाली. "चला आजी, कूस बदलू."