एकोणीस एटीएम कार्डं

ती गोष्ट अजून मनातून गेलेली नाही. मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत बसलो होतो. गोडदेवच्या एका एटीएमचा रखवालदार आला. रत्नागिरीकडचा माणूस, टोपी काढून दारातच उभा राहिला.

"साहेब, तक्रार नाय करायची. पण सांगितल्याबिगर रहावत नाय. दर महिन्याच्या सात तारखेला एक माणूस येतो. एकामागोमाग एक कार्डं घालतो. पिन कागदावरनं वाचतो."

मी त्याला बसवून चहा पाजला. अशी माणसं हीच पोलिसांची खरी दौलत असते.

पुढच्या सात तारखेला मी आणि माझे हवालदार साध्या वेशात तिथे थांबलो. साडेदहाला पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला. पाचव्या कार्डाला आम्ही त्याला ताब्यात घेतलं. पिशवीत एकोणीस कार्डं निघाली. माणूस जवळच्याच एका खासगी कॉलेजचा हेडक्लार्क होता.

"स्टाफच्या सोयीसाठी करतोय साहेब. त्यांना लेक्चर सोडून बँकेत जायला जमत नाही."

कार्डांवरच्या नावांप्रमाणे प्राध्यापकांना बोलावून जबाब घेतले. प्रत्येकाचं उत्तर एकच, "कार्ड मी स्वखुशीने दिलंय." शब्दही तेच. खरं बोलणारी माणसं थोडी तरी वेगवेगळं बोलतात. इथे कोणीतरी पाठ करून घेतलं होतं.

शेवटी भाईंदरजवळच्याच डोंगरी गावातल्या एक बाई आल्या. रसायनशास्त्र शिकवायच्या. तेच वाक्य म्हणाल्या, पण नजर टेबलावरून उचलली नाही. कॉलेजने सोबत पाठवलेल्या माणसाला मी बाहेर बसवलं, महिला शिपायाला आत बोलावलं आणि कार्डाचा विषयच सोडला.

"मॅडम, ही नोकरी का धरलीत?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "आधी मुंबईत तासावर शिकवत होते. सुट्टीत पगार नाही. इथली जाहिरात आली. पगारावर विशेष भत्ता, तीन वर्षं टिकलात तर एकरकमी वेगळे पैसे. वडील आजारी, कॉलेज घराजवळ. वाटलं, देवच पावला."

"मग?"

"भत्ता खात्यात येतो. तपासणीला येणाऱ्या समितीला तेवढं दाखवायचं असतं. सात तारखेला तो परत काढून घेतात."

"मग सोडून का जात नाही?"

"माझी सगळी सर्टिफिकेट्स, अगदी ओरिजिनल, त्यांच्या कपाटात आहेत साहेब. ती नसतील तर मी कोण?"

एवढं कळल्यावर मी हेडक्लार्कला पुन्हा समोर बसवलं. आवाज चढवला नाही. फक्त कपाटाची किल्ली मागितली. त्याने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "त्या एकोणिसांत एक कार्ड माझंपण आहे. नीट बघा." त्याचं स्वतःचं म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं होतं; भत्ता त्यातूनही जात होता. त्या गृहस्थाने मग संस्थाचालकाच्या सांगण्यावरून काय काय केलं, ते सगळं सांगितलं.

त्याच दुपारी पंचांसमक्ष कपाट उघडलं. कुणाची पदवी, कुणाचं नेट परीक्षेचं प्रमाणपत्र, कुणाची दहावीची गुणपत्रिका, पाकिटांवर लाल शाईने नावं. पंचनामा संपायला संध्याकाळ झाली. संस्थाचालकाला अटक झाली. पुढे कॉलेजचा कारभार पाहायला नवी समिती आली आणि भत्ता खरोखर ज्याचा त्याला मिळू लागला.

न्यायालयाच्या परवानगीने कागद परत दिले, त्या सकाळी आमचं ठाणं निकालाच्या दिवशीच्या शाळेसारखं वाटत होतं. मोठमोठी शिकलेली माणसं आपल्याच मार्कलिस्टवरून हात फिरवत होती. आमचे हवालदारही त्या दिवशी हळू बोलत होते. नोकरीतल्या फार थोड्या सकाळी मला इतक्या हव्याहव्याशा वाटतात.

डोंगरीच्या बाई सतत घड्याळाकडे पाहत होत्या. "साहेब, जरा लवकर होईल का? अकराला प्रॅक्टिकल आहे."

मी चकित झालो. "अजून तिथेच शिकवताय? आता तर कुठेही जाता येईल."

"म्हणूनच तर थांबलेय," त्या सही करत म्हणाल्या. "मुलांची परीक्षा तोंडावर आलीय."

माणसाला बांधून ठेवलं की त्याचं लक्ष दाराकडेच असतं, हे मी कोठडीत वर्षानुवर्षं पाहिलं होतं. दार उघडं असताना कोणी आपणहून थांबतं, हे मात्र मला त्या बाईंनी दाखवलं. फाइल छातीशी धरून त्या रिक्षाकडे जवळजवळ धावतच गेल्या.