कोणा एका मुरलीधरासाठी

शकुबाईबद्दल लिहायला बसलं की पहिली अडचण ही, की ती काही करायचीच नाही. भांडायची नाही, हसायची नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. वर्ध्याला स्टेशनच्या मागे आमची पाच खोल्यांची लाईन होती. नळ एकच, त्यामुळे भांडणाला विषयांची ददात नव्हती. पण शकुबाईची घागर कोणी मागे सरकवली, तर ती मुकाट्यानं घागरीपाशी मागे जाऊन उभी राही. मला तिचा राग यायचा. माणसानं इतकं निमूट असू नये, असं माझं अजूनही मत आहे.

सासर तिचं मोठी आंजी या गावचं. नवरा कोळशाच्या खाणीत काम मिळतं म्हणून चांद्याकडे गेला, तो परत आलाच नाही. मेल्याची बातमी नाही, दुसरं घर केल्याची नाही. दोन वर्षं तिनं वाट पाहिली. मग दिरानं हात वर केले आणि बावन्न साली ती वर्ध्याला येऊन जिनिंगमध्ये कापूस निवडायला लागली. संध्याकाळी परतायची तेव्हा केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा. तो झटकावा असंही तिच्या मनात येत नसे. भाकरी समोर आली की खायची, अंधार पडला की निजायची.

एकदा न राहवून मी विचारलं, "शकुबाई, एकटीचा जीव घाबरत नाई का वो तुमचा?"

"काईच नाई होत, वैनी," ती म्हणाली. "तेच तं हाये. काईच नाई होत."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर आमच्या लाईनीत दर वर्षी खल व्हायचा. कपाळाला कुंकू तर होतं, पण ते खरं की खोटं हे सांगणार कोण? कोपऱ्यावरच्या यशोदाबाई आमच्यातल्या मुख्य न्यायाधीश. त्यांनी तोड काढली, की तिच्या दारात जाऊन कुंकू लावायचं, वाण द्यायचं, पण नाव घ्यायला सांगायचं नाही. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नसत. उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत. उखाण्यात तेवढी सूट होती. माझे यजमान महादेवराव कापूस बाजारात कारकून. आज त्यांचं नाव सरळ लिहिते, तेव्हा ते उखाण्याशिवाय तोंडातून निघत नसे. शकुबाईला मात्र उखाणाही कोणी घ्यायला लावेना. ज्याचं नाव घ्यायचं तो जगातच नसला तर? त्यामुळे तिच्या नवऱ्याचं नाव काय, हे आमच्या लाईनीत एकीलाही ठाऊक नव्हतं.

तिच्या आणि माझ्या मधल्या खोलीत दीनाबाई राहायच्या. ख्रिश्चन. नवरा रेल्वेत फायरमन होता, तो वारला. त्या मिशनच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होत्या. अंगानं आडव्या, आवाज खणखणीत आणि जिभेला हाड नाही. त्यांची आई १९०० सालच्या, लोक ज्याला संवत छपन्नचा म्हणत त्या दुष्काळात रस्त्यावर सापडलेली पोर. मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. स्वतःचं नाव तिला सांगता आलं नव्हतं, आश्रमानं ठेवलं तेच पुढे चाललं.

"माह्या मायचं खरं नाव देवालेच ठाऊक," दीनाबाई म्हणायच्या. "म्हून मी देवापाशी कोनाचंबी काम नेलं, का पयले नाव सांगते. त्याले माहीत असते, पन आपन सांगावं."

आणि सांगायच्याही तशाच. दिवेलागणीला त्या कंदील लावून डोळे मिटून बसत. मधली भिंत बांबूच्या तट्ट्याची, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येई. त्यांच्या प्रार्थनेत देव कमी आणि माणसंच जास्त. "देवबापा, रामबाईकडे पाह्य. तीच, तिसऱ्या खाटेवरची, देवळीची, जिचं पोटातलं पोट्टं आडवं हाये. अन् तानबाले अक्कल दे, तो दारू पिऊन आला अन् बायकोले घेऊन जातो म्हंते." असं वीस-पंचवीस जणांचं गाऱ्हाणं सांगून झालं, की "येशूच्या नावानं मांगते, आमेन," आणि लगेच चुलीवरच्या वरणाला फोडणी. मला आधी हसू यायचं. पुढे सवय झाली. ज्या दिवशी त्यांची रात्रपाळी असे त्या दिवशी संध्याकाळ झाल्यासारखी वाटेना.

त्रेपन्नच्या पावसाळ्याअखेर शकुबाईला हिवताप भरला. आम्हाला पत्ताही नाही. ती असली काय नि नसली काय, आवाज सारखाच. तिच्या चुलीचा धूर दिसला नाही म्हणून दीनाबाईंनी दार ढकललं. मग त्यांनीच दवाखान्यातून हिवतापाचं कोयनेल आणलं, पेज केली, रात्री तिच्याजवळ निजल्या.

"काऊन करता एवढं?" शकुबाईनं विचारलं. "मी उठली काय अन् नाई उठली काय."

"मले शेजार पाह्यजे," दीनाबाई म्हणाल्या. "खोली रिकामी पडली, का घुशी येतात."

बरी झाल्यावर दीनाबाईंनी तिला संध्याकाळी आपल्याकडे बसायला बोलावलं. "काई म्हनू नको, काई मांगू नको. नुसती बस. कंदिलात तेल माहंच हाये." शकुबाई गेली. श्रद्धा वगैरे काही नव्हती. इथे बसलं काय, तिथे बसलं काय, तिला सारखंच. भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून ती बसायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दीनाबाईंनी विचारलं, "तुह्या घरच्याचं नाव काय वं? त्याच्यासाठीबी मांगतो ना आपन."

शकुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दीनाबाई काही सोडणाऱ्या नव्हत्या. शेवटी ती म्हणाली, "तो नाई का, गाई चारते. बासरी वाजवते."

"मुरलीधर?"

शकुबाईनं मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. दीनाबाईंनी होय धरलं आणि त्या दिवसापासून वॉर्डातल्या बायकांच्या मागून, आमेनच्या आधी, मुरलीधराचा नंबर लागला. "देवबापा, शकूचा मुरलीधर कुठं हाये ते तूच पाह्य. जित्ता असंन तं घरी लावून दे, नसंन तं तुह्यापाशी ठेव, पन काईतरी सांग." रोज हेच. मीसुद्धा तट्ट्याच्या अलीकडे त्याला मुरलीधर म्हणूनच ओळखायला लागले.

नाव चुकीचं होतं. आणि शकुबाईनं ते चुकीचंच राहू दिलं. असं का केलंत, हे मी पुष्कळ वर्षांनी तिला विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "खरं नाव वरते गेलं असतं, तं काईतरी जवाब आला असता ना, वैनी. आला असता तं मले तो घ्या लागला असता."

वर्षं गेली. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. महादेवराव त्यावर तावातावानं बोलायचे. शकुबाईचं मात्र तेच चाललं होतं. फरक इतकाच, की रविवारी जिनिंग बंद असलं की ती दीनाबाईंबरोबर वॉर्डात जायची. हातात पेजेचा डबा घेऊन मागे-मागे. दीनाबाई खाटेखाटेवर नाव-गाव विचारत आणि संध्याकाळी घरी देवाला सांगत. वय फार नव्हतं, पण छातीच्या दुखण्यानं त्यांना दम लागायचा. बोलता बोलता अडायच्या.

"अन् ती, देवबापा... ती... पायाच्या गळवाची..."

"सुभद्रा. पुनाजीची. सेलूची," भिंतीकडून सपाट आवाज यायचा.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी भाकरी थापता थापता थांबले. जिला कशाचंच काही नव्हतं, तिला सगळी नावं पाठ होती. कोण बरी झाली, कोण गेली, कोणाला माहेरहून न्यायला कोणी आलं नाही, सगळं. मुरलीधराची पाळी आली की मात्र ती गप्प बसायची.

एकोणसाठ साली होळीनंतर दीनाबाईंनी अंथरूण धरलं. पाय सुजले, झोपलं की गुदमरायला व्हायचं, म्हणून उशांना टेकून बसवून ठेवलेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही काय ते समजलो. एका दुपारी पाद्रीसाहेब प्रार्थना करायला आले. मी पेज घेऊन गेले होते. शकुबाई पायाशी बसून पाय चोळत होती.

दीनाबाईंनी पाद्रीसाहेबांना हातानं थांबवलं. त्या मोठ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मले पयले एक सांगा, साहेब," त्या म्हणाल्या. "मी ज्याच्या ज्याच्यासाठी मांगलं, त्याचं काईतरी झालं. बरं झालं, नाई तं मेलं. पन देवानं काई ना काई केलं. या मुरलीधराचं पाच साल झाले मांगून राह्यली. हूं नाई का चूं नाई. माह्याच विश्वासात कुठं तरी खोट असंन. देव माहं ऐकतच नसंन. मंग बाकीचंबी असंच झालं असंन, आपल्या आपल्यानं. मंग मी सारा जनम काय केलं?"

पाद्रीसाहेब भले गृहस्थ. देवाची वेळ निराळी असते, धीर धरा, असं त्यांनी बरंच समजावलं. दीनाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. मरणाला न भिणारी बाई, पण आपलं ऐकणारा कोणी नव्हताच, हे मनात घेऊन मरायचं, याची तिला भीती वाटत होती. ती भीती मला दिसत होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शकुबाईचे हात थांबले. ती उठून उभी राहिली. पाद्रीसाहेब होते म्हणून डोक्यावरचा पदर तिनं पार कपाळापर्यंत ओढला, आणि नव्या नवरीला उखाण्यासाठी उभं करावं तशी खाली बघत म्हणाली, "घनश्याम."

कोणाला काही कळेना.

"घनश्याम नाव हाये त्याईचं. मुरलीधर नाई. मी बोलली नाई. तुह्या मांगन्यात खोट नोती, दीना. नावच चुकीचं होतं."

पाच वर्षांत तिनं दीनाबाईंना 'बाई' सोडून काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दीनाबाईंनी तोंड इकडे वळवलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं कळ आली. पण त्या हसत होत्या.

"अवं माय! मंग मी पाच साल कोनासाठी मांगून राह्यली वं?" दम लागत होता, तरी हसणं थांबेना. "कोनता मुरलीधर असंन तो? त्याची तं चांदी झाली असंन, बाप्पा! बसल्या जागी सारं भेटत असंन त्याले!"

पाद्रीसाहेबही हसले. मी हसता हसता रडायला लागले. शकुबाई हसली नाही आणि रडलीही नाही. पदर ओढून उभीच होती.

"आता तूच सांग देवाले," दीनाबाई म्हणाल्या. "मी थकली."

"मले येत नाई."

"नाव तं येते ना आता? बस, तेवढंच लागते."

शकुबाईनं नावं घेतली. त्याच सपाट आवाजात, एकामागून एक, वॉर्डातली सगळी. मग दीनाबाईंचं. मग दुसऱ्यांदा घनश्यामचं घेतलं. आमेन दीनाबाईंनी म्हटलं.

चार-सहा दिवसांत त्या गेल्या. शांतपणे गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दफनाला शकुबाई सर्वांबरोबर पायी गेली, माती टाकली, परत आली. संध्याकाळ झाली आणि मला भीती वाटायला लागली, की आता पलीकडून काही ऐकू येणार नाही. मग दोन तट्ट्यांपलीकडून, रिकाम्या खोलीतून वाट काढत, बारीक आवाज आला. नावांचा.

दवाखान्यानं तिला दीनाबाईंच्या जागी आया म्हणून घेतलं. पुढच्या नाताळात तिनं बाप्तिस्मा घेतला. आंजीहून दीर येऊन ओरडून गेला. यशोदाबाईंनी फर्मान काढलं, की आता तिची घागर नळावर शेवटी लागेल, आणि स्वतःच्या हातानं घागर मागे सरकवली. शकुबाईनं ती उचलून पुन्हा होती तिथे ठेवली. "मले ड्यूटीवर जा लागते," म्हणाली, इतकंच. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी महादेवरावांसाठी शिरा केला. कारण विचारलं तर सांगता येईना.

घनश्यामचा पत्ता कधीच लागला नाही. तिच्या कपाळावरचं कुंकूही मग राहिलं नाही. ते कधी गेलं हे आमच्या लाईनीला कळलंसुद्धा नाही. मी एकदा पुन्हा विचारलं, की आता तरी बरं वाटतं का. "जीव बधिरच हाये, वैनी," ती म्हणाली. "पन सकाळी उठा लागते आता. कोन्या खाटेवर कोन आलं, नाव इचारा लागते."

संध्याकाळच्या तिच्या नावांत घनश्याम असायचा. आणि त्याच्या मागून, रोज, मुरलीधरही असायचा. मला वाटलं सवयीनं येत असेल. शेवटी मी म्हटलंच, "शकुबाई, मुरलीधराचं काऊन घेता अजून? तो तं कोनीच नोता."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले.

"कोनी नाई कसा? पाच साल मांगलं दीनानं त्याच्यासाठी. असंन कुठं तरी." मग म्हणाली, "त्याच्याबी घरी बायको असंन, वैनी. तिले नाव घेता येत नसंन."