हिरवी टिकली

आमच्या कंपनीत लिफ्ट बनतात. माणसं वर नेऊन सुखरूप खाली आणणं हा आमचा धंदा. पण कंपनीतल्या कंपनीत एखादं काम या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं, तर त्यासाठी लिफ्ट नव्हती. जिनाच चढावा लागे, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी फतकल मारून बसलेलं असे.

हा जिना रोज चढणारा एकच माणूस होता. त्यांना सगळे फेरीवाले काका म्हणत. पगारपत्रकात त्यांच्यापुढे ‘समन्वयक’ असा भारदस्त शब्द होता, पण तो त्यांच्या अंगावर मोठ्या भावाच्या कोटासारखा लोंबे. अंगकाठी अशी, की वाऱ्याच्या दिवशी दोन्ही खिशांत नट भरून निघत असावेत. बरोबर सव्वाआठला गोदामातून निघायचं, नकाशेवाल्यांकडून वेल्डिंगला, तिथून रंगकाम, वायरिंग, खरेदी, आणि शेवटी ट्रक लागतात तिथे. हातात तळव्याएवढी वही, कानावर पेन्सिल. कानावरची पेन्सिल शोधण्यात दिवसाची दहा मिनिटं जात.

तीस वर्षं काकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. “काय अडलंय?”

“कधी होणार?” असं त्यांनी कोणाला विचारल्याचं कोणाला आठवत नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, “कधी होणार विचारलं की माणूस तारीख सांगतो, साहेब. काय अडलंय विचारलं की खरं सांगतो.” मी हसलो. वाक्य छान होतं, पण त्याला कुठे प्रमाणपत्र होतं?

मग आमचे धाकटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, तीन दिवसांच्या परिसंवादाला जाऊन आले. परिसंवादाहून परतणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. गेलेला रिकामा माणूस सहसा भरून येतो, आणि तो कुठेतरी सांडणारच. धाकट्या साहेबांनी आल्या आल्या जाहीर केलं, की यापुढे कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस असेल. सगळ्या कामांची खबर एका ठिकाणी, सगळ्यांना एक शिस्त. प्रमुख म्हणून माझी निवड झाली. अकरा वर्षांत माझ्या हातून एकही चूक झालेली नव्हती. काहीच न केल्याचा हा फायदा असतो.

मला खोली मिळाली. आदल्या दिवसापर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या होत्या. त्यातल्या दोन माझ्यासाठी ठेवल्या. शेजारच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीवर, मी काचेचं दार असलेला फळा लावून घेतला. त्याला कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात. फळ्यावर चौदा ओळी, म्हणजे चालू असलेल्या चौदा लिफ्ट. प्रत्येक ओळीपुढे लोहचुंबकाची एक गोल टिकली: काम रुळावर असेल तर हिरवी, डळमळत असेल तर पिवळी, अडलं असेल तर लाल. ज्याच्याकडे जे काम, त्याने शुक्रवारी चारच्या आत रंगाची चिठ्ठी माझ्याकडे द्यायची. टिकली मी लावणार. आणि सोमवारच्या बैठकीत ज्याची टिकली लाल, त्याने उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं.

हा उभं राहण्याचा नियम माझ्या डोक्यातून निघाला होता. मला त्याचा फार अभिमान होता.

घरी मी जेवताना हे सगळं समजावून सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “न्हाणीघरातला नळ सहा महिने गळतोय, तो कोणत्या रंगात?” दूरदृष्टीची माणसं घरातूनच उपेक्षित राहतात.

कारखान्यात लोक माझ्या खोलीला ‘टिकली ऑफिस’ म्हणू लागले. पण परिणाम विलक्षण होता. पहिल्या सोमवारी सहा लाल होत्या. दुसऱ्या सोमवारी तीन. चौथ्या सोमवारी तेरा हिरव्या! माणसं तीच, यंत्रं तीच, खरेदीवाल्यांचा आळस तोच. तरी तेरा हिरव्या. वर्गात बाकावर उभं राहणं कोणत्याच वयात आवडत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये? आली नाही. मला वाटलं, ही माझ्या शिस्तीची किमया.

चौदावी टिकली तेवढी लाल राहिली. ती फेरीवाल्या काकांची होती. एका हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट बसवायची होती, आणि ते काम काकांकडे होतं. काका दर सोमवारी उभे राहत आणि तेच वाक्य म्हणत, “दारांची कुलुपं आलेली नाहीत.” लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक कुलूप असतं. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलू नये, म्हणून. ते नसेल तर बाकी लिफ्ट सोन्याची असली तरी ती शोभेची खोली.

“काका,” मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “निदान पिवळी तरी लिहा की. सगळा फळा कसा हिरवागार झालाय, त्यात तुमचा हा फोड.”

“साहेब, मजले चार. कुलुपं लागतात चार. हातात आहेत शून्य. शून्याला पिवळा रंग कुठून आणू?”

“पण दर आठवड्याला उभं राहायला कसं वाटतं तुम्हाला?”

“तीस वर्षं उभाच आहे की,” काका म्हणाले, आणि पेन्सिल शोधू लागले. ती कानावर होती.

मग काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मंगळवारपासून आठवडाभर रजेवर गेले. जाण्याआधी येत्या शुक्रवारची चिठ्ठी नियमाप्रमाणे देऊन गेले. लाल. त्याच आठवड्यात बुधवारी मालक, म्हणजे थोरले साहेब, दोन पाहुण्यांना घेऊन माझा फळा बघायला येणार असल्याचा निरोप आला.

मी फळ्यासमोर उभा राहिलो. तेरा हिरव्या आणि एक लाल. नव्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडावा तशी दिसत होती ती. मी किल्ली काढली, काच उघडली, आणि लाल काढून तिथे हिरवी लावली. तासाभरासाठी. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बदलायची, हे मी अगदी पक्कं ठरवलं होतं. चोरसुद्धा असंच काहीतरी ठरवत असतील.

थोरले साहेब आले. फळा पाहून त्यांचे डोळे भरून आले. “सगळं हिरवं!” ते म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिथल्या तिथे हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. “तुमची लिफ्ट तयार समजा! सोमवारपासून वापरा!”

त्या क्षणी मी फक्त “साहेब, एक मिनिट” एवढं म्हणायला हवं होतं. तीन शब्द. पण पाठ अजून गरम होती. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. जेवणाची सुट्टी आली आणि गेली. टिकली हिरवीच राहिली, कारण आता ती लाल केली तर विचारलं गेलं असतं, की मघाशी हिरवी कोणी केली होती.

हॉस्पिटलने रविवारी हाडांचा वॉर्ड नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलवला. पाय मोडलेली, कंबर मोडलेली, प्लास्टरमधली सगळी मंडळी. सोमवारी सकाळी आमचे फिटर तिथे पोचले, त्यांनी दारं तपासली, आणि स्विचला कोणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. एक्स-रे तळमजल्यावर, ऑपरेशन तळमजल्यावर, आणि पेशंट तिसऱ्यावर. मध्ये जिना.

त्याच सोमवारी काका कामावर आले. डोळ्यांवर काळा चष्मा. बैठकीच्या खोलीत शिरताच रंगकामवाले म्हणाले, “काय काका, डोळे बदलले तर फळ्याचे रंगपण बदलले वाटतं!” सगळे हसले. काकांनी फळ्याकडे पाहिलं. हसले नाहीत.

धाकटे साहेब संतापले होते. “काका, रजेवर जाताना तुम्ही काय लिहून दिलं होतंत?”

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं. फळ्याची किल्ली एकच आणि ती कोणाच्या खिशात असते, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण चिठ्ठीत काय होतं हे फक्त आम्हा दोघांना.

“दिलं असेल हिरवं,” काका म्हणाले. “तेव्हा डोळ्यांना धड दिसत नव्हतं.”

“इतकं दिसत नसेल तर फेऱ्या कशाला मारता? एक तारखेपासून गोदामात बसा. बसून नोंदी करा. फेरी बंद.”

काकांनी मान हलवली. मी खाली पाहत होतो. बुटाची नाडी कोणत्या भोकातून कुठे जाते, हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी इतकं बारकाईने पाहिलं.

दुपारी काका माझ्या खोलीत आले. आता ऐकवणार, म्हणून मी मोडक्या खुर्चीत सावरून बसलो.

“साहेब, उद्या सकाळी सहाला मोकळे आहात का?” ते म्हणाले. “हॉस्पिटलात स्ट्रेचर उचलायला माणसं कमी पडतायत. मला डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय.”

“काका, ती टिकली...”

“सहाला. फाटकाशी.”

सकाळी गेलो. वॉर्डबॉय, दोन फिटर, आणि मी. आमचं पहिलं वजन एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं होतं. मांडीचं हाड मोडलेलं, एक्स-रे काढून परत वर. बाईंची प्रकृती भरघोस होती आणि आवाज त्याहून. काका पुढे चालत होते. एका हातात बाईंची फाइल, दुसऱ्या हातात बाईंच्याच सपाता. वजन म्हणून त्यांना तेवढंच चालत होतं.

“डावीकडून. सावकाश. वळण आलं,” काका सांगत होते.

पहिल्या मजल्याशी माझ्या हातांना कंप सुटला. दुसऱ्याशी घामाने डोळे चुरचुरायला लागले. तिथे लिफ्टचं चकचकीत दार होतं. त्यावर आमच्या कंपनीचं नाव. बाईंनी आडव्या पडल्या पडल्या ते वाचलं.

“लिफ्ट आहे तर मला असं पोत्यासारखं का नेताय?”

“अडलीय जरा, बाई,” काका म्हणाले.

“तयार नव्हती तर आम्हाला वर कोणी आणून टाकलं? कोणाचं हे कर्तृत्व?”

“कंपनीचं,” काका म्हणाले.

“कंपनीला हात असतात का? कोणीतरी एक असेल ना!”

स्ट्रेचरची दांडी माझ्या तळव्यात रुतली होती. काका दोन पायऱ्या वर उभे होते, सपाता छातीशी धरून. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आणि बैठकीच्या खोलीत जे निघालं नव्हतं, ते त्या जिन्यावर, एका अनोळखी बाईसमोर माझ्या तोंडून निघालं.

“मी, बाई. काम अडलेलं आहे असं यांनी लिहून दिलं होतं. मी ते बदलून तयार आहे असं दाखवलं. साहेब खूश व्हावेत म्हणून.”

बाईंनी मला खालून वर नीट न्याहाळलं. चाळीस वर्षं नक्कल करणारी मुलं पकडलेली नजर होती ती.

“मग हे मला काय सांगतोस?” त्या म्हणाल्या. “जिथे सांगायचं तिथे सांग. आणि दांडी नीट धर, मी घसरतेय.”

कुलुपं शनिवारी आली. तोवर रोज सकाळी मी स्ट्रेचर उचलत होतो आणि काका सपाता. टिकलीचं नाव त्यांनी काढलं नाही. रोज मनात म्हणे, आज धाकट्या साहेबांकडे जाऊ. रोज त्यांच्या दाराशी जाई, आणि दार बंद दिसलं की सुटल्यासारखं वाटे. उघडं दिसलं तर पाण्याच्या पिंपाकडे वळे. त्या आठवड्यात मी इतकं पाणी कधीच प्यालो नसेन.

सोमवारची बैठक. एक तारीख तीन दिवसांवर. फळा हिरवागार. आणि माझ्याच नियमाप्रमाणे ज्याचं काम लाल असेल त्याने उभं राहायचं होतं. मी उभा राहिलो.

“तुमचं काय?” धाकटे साहेब म्हणाले.

मी खिशातून काकांच्या पाच चिठ्ठ्या काढल्या आणि शेवटची वाचली. “‘लाल. दारांची कुलुपं आलेली नाहीत. चार हवीत. हातात शून्य.’ ही काका रजेवर जातानाची. टिकली मी बदलली. काकांनी खोटं सांगितलं ते फक्त इथे, या खोलीत, माझ्यासाठी.”

धाकट्या साहेबांनी हात पुढे करून चिठ्ठ्या घेतल्या.

“हे मागच्या सोमवारी का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली.”

“आणि आज नाही वाटत?”

“आज जास्त वाटतेय.”

धाकट्या साहेबांनी बराच वेळ चिठ्ठ्या उलटसुलट पाहिल्या. गोदामाचा हुकूम रद्द झाला. मला एक लेखी समज मिळाली. शब्दांची निवड चांगली होती. उभं राहण्याचा नियम गेला, आणि पुढच्या शुक्रवारी माझ्याकडे नऊ लाल चिठ्ठ्या आल्या. तेवढ्या लिफ्ट एका आठवड्यात बिघडत नसतात. त्या केव्हाच्या अडल्या होत्या.

“का गप्प राहिलात, काका?” मी शेवटी विचारलं.

“किल्ली तुमच्या खिशात होती,” काका म्हणाले. “सांगायचं तर तुम्हीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर ती चुगली झाली असती.” मग म्हणाले, “वाटलं होतं, त्याच दिवशी सांगाल.”

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आता सव्वाआठला मीही फेरीला जातो, काकांच्या मागून, वही घेऊन. पहिल्याच दिवशी वेल्डिंगच्या मिस्त्रींनी काकांना सगळं सांगितलं: सळया वाकड्या आल्यात, दोन दिवस जातील. मग काचेचा मुखवटा वर करून माझ्याकडे पाहिलं.

“आणि साहेब, तुमच्या फळ्यासाठी काय सांगू? खरं, की हिरवं?”

आजूबाजूचे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. काका पुढच्या टेबलाकडे निघाले होते. मी वहीत “सळया वाकड्या, दोन दिवस” एवढं लिहिलं आणि मान खाली घालून त्यांच्या मागे चालू लागलो.