मी सवलत मागितली नव्हती

वसू गेल्याचं मला इराने कळवलं. आधी फोनवर तिथल्या वर्तमानपत्रातल्या लेखाचा इंग्रजी तर्जुमा आला आणि खाली तिचा प्रश्न, "आजी, डिड यू रिअली आस्क हर फॉर अ फेवर?" माझी सख्खी धाकटी बहीण, तुम्हा नातवंडांच्या देशाची माजी मंत्री, वारली होती, आणि त्या लेखात तिच्या सचोटीचा पुरावा म्हणून मी होते. 'दुबईत राहणाऱ्या सख्ख्या बहिणीलाही तिने सवलत नाकारली.' गेल्या पाच आठवड्यांत हे वाक्य मी आपल्या मराठी पेपरांतही वाचलं. म्हणून, इरा आणि अर्णव, उत्तर फोनवर न देता इथे छापायला देते आहे.

वसू लबाड नव्हती. हे आधी लिहिते, नाहीतर रागात राहून जाईल. सांगलीच्या घरात आम्ही नऊ माणसं आणि न्हाणीघर एक. दहा वर्षांच्या वसूने सकाळच्या पाळ्यांचा तक्ता करून दाराला चिकटवला, स्वतःचं नाव शेवटी घातलं आणि आजोबांना चौथा नंबर दिला. "अगं, त्यांना थांबवत नाही," मी म्हटलं. "मग त्यांनी लवकर उठावं." घरात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. आजोबा मात्र त्या दिवसापासून चारला उठू लागले... पुढे ती शिकायला परदेशी गेली, तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं, नगरपालिकेत निवडून आली. ट्रामच्या थांब्यांवर म्हाताऱ्यांसाठी बाकं तिने भांडून बसवून घेतली. मग संसद, मग मंत्रिपद. परदेशातून येणाऱ्यांचं खातं तिच्याकडे आलं आणि तिने नियम केला : ज्यांना जगात कुठेही दुसरं अपत्य आहे, अशा आईवडिलांना कायमचं बोलावून घेता येणार नाही.

अर्णवच्या जन्मानंतर तुमची आई सहा महिने अंथरुणावर होती. तिने माझ्यासाठी अर्ज केला. नकार आला, कारण तुमचा मामा नितीन इथे दुबईत, अल बर्शात, मला सांभाळायला आहे. त्या मामाचा स्वतःचा व्हिसा त्याच्या नोकरीवर आणि माझा व्हिसा त्याच्यावर. नोकरी गेली की सगळ्यांनी बॅगा भरायच्या. इथे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

त्याच हिवाळ्यात वसू कसल्याशा परिषदेसाठी दुबईला आली. एका संध्याकाळी एकटीच घरी आली. थालीपीठ खाल्लं, लोणी दोनदा मागून घेतलं. मग मी विचारलं, "वसू, हा नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केलास?"

"ताई, तुझ्यासाठी मला काही करता येणार नाही."

"माझं सोड. नितीनचं कॉन्ट्रॅक्ट उद्या खलास झालं तर तो मला कुठे सांभाळणार? असे किती नितीन असतील?"

"एकीला आत घेतलं की पेपरवाले विचारणार, मंत्रीणबाईंची बहीण म्हणून का?"

"मग सगळ्यांना घे."

ती हसली. "तू निवडणूक लढव, ताई."

मला तिच्याकडून काहीही नको होतं. पण बहीण प्रश्न विचारते म्हणजे मागतेच आहे, असं तिने धरून चाललं.

आई गेल्यापासून माझं घर हेच तिचं माहेर. तुमच्या मामीने खण, नारळ, तांदूळ काढून ताट तयार ठेवलं होतं. बूट घालून वसू दारात रेंगाळली, पर्सचा बंद उगाच नीट करत राहिली. मी ताट उचललं नाही.

"येते, ताई."

"लिफ्ट आली," मी म्हटलं.

माहेरवाशिणीला मी रिकाम्या ओटीने घालवलं. ते चुकलं. बाकीचा एक शब्द मी मागे घेत नाही.

तीन आठवड्यांनी तिने संसदेत भाषण केलं. सवलत मागणारी बहीण त्यात पहिल्यांदा आली, बाकं वाजली. खुलासा कर, असं मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. वाढदिवसाचा फोन मात्र तिने कधी चुकवला नाही... हवा, गुडघे, आणि बस्.

अंत्यविधीच्या आधी वकिलातीतून फोन आला. मंत्र्यांच्या भगिनी म्हणून खास बाब, दोन दिवसांत व्हिसा देतो. तुमची आई रडत होती, "ये ना गं, पोरं वाट बघतायत," म्हणत होती. मी नाही म्हटलं. तुम्हाला बघून दीड वर्ष झालंय. तरी नाही म्हटलं, आणि फोन ठेवून बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

गेल्या आठवड्यात मी तुमच्याकडे कायमचं राहण्याचा अर्ज पुन्हा भरला. नकारच येईल. पण तो त्यांनी मला नियमाने, लेखी द्यावा. तिसऱ्या पानावर प्रश्न आहे : 'अर्जदारास अन्य अपत्य आहे का? असल्यास कोठे?' वसू असंच बोलायची, आखूड, पळवाट न ठेवता. उत्तरासाठी तिने एकच रेघ सोडली आहे. फॉर्मवर रेघेबाहेर मी आयुष्यात लिहिलेलं नाही. या वेळी लिहिलं : 'होय. दुबईत. त्याची नोकरी आहे तोपर्यंत.'