चव्वेचाळीस तास

मी चौथी शिकलो आणि पुढं पंचवीस वर्षं भिवंडीच्या खाडीत रेतीच्या होडीवर तांडेल होतो. तांडेल म्हणजे सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशी त्याच्या शब्दावर. विमानातलं मला काही कळत नाही. पण माझी एकुलती एक मुलगी पायलट झाली, आणि तिच्या आईला जाऊन आता वर्ष झालं. त्या दोघींमध्ये जे झालं ते मी बघितलं, म्हणून लिहितो.

रेतीची होडी भरली की पाण्याच्या वर चार बोटं राहते. ती कोणाच्याही हातात देता येत नाही. कोणी सुकाणू धरतो म्हणत आला की मी त्याला एकच विचारायचो, होडी किती वेळा चिखलात रुतवलीस? एकदाही नाही म्हणाला की त्याला खलाशी ठेवायचा. तो एक तर खोटं बोलतोय, नाही तर त्यानं सुकाणू धरलेलंच नाही. तीनदा रुतवली, एकदा अर्धी रेती खाडीत ओतावी लागली, असं जो सांगेल तो माझ्या कामाचा.

मुलीला विमानाचं वेड कुठून लागलं मला माहीत नाही. गोदामवाल्याला जमीन विकली होती, त्या पैशातून तिला दुसऱ्या राज्यात फ्लाइंग क्लबला घातली. दोन वर्षांनी लायसन घेऊन आली. गावानं नाक्यावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला, गावची पहिली पायलट म्हणून. लायसन म्हणजे नोकरी असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. शेजारच्या म्हातारीनं तिला सांगून ठेवलं, "आमचे घरावरनं जाशील तवा भोंगा वाजव गो." मुलगी हसून हो म्हणाली. सहा महिने झाले, फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला, तरी ती घरातच. मग ती बाजारात जाईनाशी झाली. कुठचं विमान चालवतेस, हे विचारल्याशिवाय तिला कोणी भाजीसुद्धा देत नव्हतं.

त्या वर्षांत विमानकंपन्या वाढत होत्या आणि पायलट पाहिजेत म्हणून पेपरात यायचं. पण त्यांना हजारो तास उडवलेला माणूस हवा होता, त्यासाठी परदेशातून कॅप्टन आणत होते. नव्यांनाही घ्यायचे, पण थोडे. माझ्या मुलीचे झाले होते दोनशे सहा तास. लोक म्हणायचे कंपन्या नव्या पोरांवर अन्याय करतात. मला तसं वाटलं नाही. मीही तेच करत आलो होतो.

आषाढात एका कंपनीची जाहिरात आली, नव्या पायलटांसाठी. अडीचशे तास हवेत, पंधरा दिवसांत फॉर्म भरा. मुलगी चव्वेचाळीस तास कमी पडत होती. पैसे भरून उडवायची आमची तयारी होती, पण क्लबच्या गावी ढग उतरलेले, आठवडाभर एक विमान उठलं नव्हतं.

आणि घरात तिची आई पडून होती. पोटात गाठ. कामतघरच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून दिवाळीपर्यंतचं सांगितलं होतं. हिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. तिचं एकच चाललं होतं, पोरीच्या खांद्यावर पायलटच्या गणवेशाचे पट्टे बघायचेत. कंपनीत लागल्याशिवाय ते पट्टे नाहीत.

फॉर्मला चार दिवस उरले तेव्हा क्लबातल्या एकाचा फोन आला. पायलटाची वही असते, लॉगबुक, त्यात तास लिहून देतो म्हणाला. विमान शेडमध्ये उभं आणि वहीत ते आकाशात. सगळे करतात म्हणाला. मुलीनं आम्हा दोघांसमोर हे सांगितलं आणि माझ्याकडे बघत बसली.

मी म्हटलं, लिही.

मी पुढं बरंच बोललो. विमान तर तुला चालवता येतंच, कंपनीत गेल्यावर शिकवतीलच, चव्वेचाळीस तासांनी काय बिघडतंय. बायकोनं पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच मला विचारलं, "चव्वेचाळीस तास म्हंजे होडीच्या किती फेऱ्या वो?"

आमची फेरी साडेपाच तासांची. "आठ," मी म्हटलं.

"आठ फेऱ्यांत नवा माणूस होडी कितीदा रुतवतो?"

मी विचार न करता बोलून गेलो, "एकदा तरी रुतवतोच."

"मंग पोरीची ती एक येळ अजून आलीच न्हाय," ती म्हणाली. "ती आपली रिकाम्या विमानात येऊ दे. मागं दीडशे माणसं बसल्यावर नको."

मुलीनं फॉर्म घडी करून कपाटात ठेवला. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मला दोघींचा राग आला होता. बायकोचा जास्त, कारण पट्टे तिला बघायचे होते आणि नको तिनंच म्हटलं होतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ती गेली. त्यानंतर कंपन्यांचे दिवस फिरले, भरती बंद झाली. ती जाहिरात शेवटचीच ठरली. मुलीच्या बरोबरच्या एकानं वहीत तास लिहून फॉर्म भरला होता. त्याला नोकरी लागली, आजही तो उडवतोय, त्याचं काही वाकडं झालं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

मुलगी आणखी एक परीक्षा देऊन त्याच क्लबात शिकवायला लागली. शिकवताना उडवलेले तास वहीत धरतात. आता चारशेच्या वर गेलेत, सगळे खरे. नोकरी अजून नाही.

वर्षश्राद्धाला ती आली. जेवणं उरकून माणसं गेल्यावर ती मोरीपाशी भांडी घासत होती. मी पाटावर बसलो होतो. मनात ठेवायची मला सवय नाही, सांगून टाकलं. म्हटलं, तो फोन आज आला तरी मी लिही म्हणेन. तुझी आई दोन महिने पट्टे बघून गेली असती.

ती घासता घासता म्हणाली, "माहीत हाय मला. पण बाबा, तास खोटे हायेत हे माहीत असून आई बसली असती का माज्या विमानात?"

"तू चालवतेस म्हटल्यावर ती कशातही बसली असती," मी म्हटलं.

"म्हणूनच न्हाय लिहिले," ती म्हणाली.

तिनं पातेलं धुऊन माझ्याकडे दिलं आणि मी ते पुसायला घेतलं.